कुटुंबासाठी नवी इस्टेट गाडी घेताना तुम्ही नेमकं काय पाहिलंत?

निळी छत्री

मंडळी, आमची गाडी अकरा वर्षांची झाली आणि आता बदलायचीच आहे. साधी चार दारांची, मागे बंद डिकीची गाडी. आई आमच्याकडे राहायला आल्यापासून ती पुरेनाशी झाली.

आम्ही पाच जण. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, चौदा महिन्यांचा मुलगा आणि आई. आईचे गुडघे दुखतात. घरात ती चालते, पण बाहेर जास्त चालायचं असेल तर घडीची व्हीलचेअर बरोबर न्यावी लागते. त्यात बाळाची सीट, बाबागाडी, लेकीचं दप्तर. निघताना अर्धा तास नुसतं सामान रचण्यात जातो आणि शेवटी एक पिशवी आईच्या मांडीवर येतेच. ती काही बोलत नाही, पण मला ते फार लागतं.

आम्ही दोघांनी इस्टेट गाडी, म्हणजे स्टेशन वॅगन घ्यायचं ठरवलंय. डिकीच्या लिटरवरून यादी केली आहे. स्कोडा सुपर्ब आणि फोक्सवॅगन पसाट ६९० लिटर, ऑक्टाव्हिया कॉम्बी ६४०, टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स ५९६. सगळ्यात मोठा आकडा घ्यावा, इतकं सोपं आहे का हे?

'अमुकच घे' असं सांगू नका. गाडी घेताना तुम्ही काय पाहिलंत आणि काय पाहायचं राहून गेलं, ते सांगा.

डिकीभर

ताई, प्रश्न छान विचारलात. लिटरपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

हे लिटर पाणी ओतून मोजत नाहीत. २०० × १०० × ५० मिलिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. जितके ठोकळे बसले तितके लिटर. म्हणजे कोपऱ्यातला खळगा, चाकामागची बोळकांडी, फळीखालचा कप्पा, सगळीकडे ठोकळे जातात आणि सगळे धरले जातात. तुमची व्हीलचेअर मात्र एकसंध आहे, तिला त्या खळग्याचा काय उपयोग? शिवाय एका कंपनीचा आकडा मागच्या पडदीपर्यंतचा, म्हणजे डिकी झाकायच्या पडद्यापर्यंतचा, आणि दुसरीचा छतापर्यंतचा असेल, तर तुलनाच होत नाही.

म्हणून टेप घेऊन जा आणि चार मापं घ्या. चाकांच्या दोन उंचवट्यांमधली रुंदी, मागच्या सीटच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली, पडदीखालची उंची, आणि मागच्या दाराच्या तोंडाची सगळ्यात कमी उंची. शेवटचं माप कोणीच घेत नाही. काच तिरकी असली की गाडी दिसते देखणी, पण उभी वस्तू दाराला अडते.

उंबरठाही पाहा, म्हणजे सामान आत सरकवताना ओलांडावी लागणारी कड. काही गाड्यांत कड आणि तळ एका पातळीत असतात, काहींत सामान कडेवरून उचलून खाली खड्ड्यात ठेवावं लागतं. सतरा किलोची खुर्ची आठवड्यातून चार वेळा उचलणारा माणूस हे विसरत नाही.

शून्य ते शंभर

एवढा खटाटोप कशाला? एसयूव्ही घ्या. उंच बसायला मिळतं, रस्ता दिसतो, सामान मावतं. जग तिकडेच चाललंय.

चौथा गिअर

@शून्य ते शंभर, जग तिकडे चाललंय हे खरं, पण ताईंना जागा हवी आहे, उंची नव्हे. एसयूव्हीची वाढलेली उंची बरीचशी मोठ्या चाकांत आणि तळाखाली जाते, डिकीची लांबी काही त्याने वाढत नाही. तितक्याच लांबीच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून आत डोकावून पाहा.

दुसरं, हवा. गाडीला होणारा हवेचा विरोध समोरच्या क्षेत्रफळावर आणि आकारावर अवलंबून असतो आणि वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलात तर विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. उंच, रुंद तोंडाची गाडी ही किंमत प्रत्येक लांबच्या प्रवासात इंधनातून मोजते. इस्टेट गाडी पुढून साध्या गाडीइतकीच असते, वाढलेली असते ती मागे.

आणि वळणावर गाडी किती कलते तेही बघा. मागे बसलेल्या मुलाला उलटी व्हायला हे डोलणंही कारण असतं. आमच्याकडे गाडी बदलल्यावर लेकाच्या उलट्या खूपच कमी झाल्या. मला तर इस्टेटचा हाच सर्वात मोठा गुण वाटतो, पण तो कुठल्या पत्रकात छापलेला नसतो.

आजीची नात

इथे मला थोडं वेगळं सांगायचं आहे. दोन्ही बाजूंचं वाचलं, पण ताईंच्या आईंच्या गुडघ्यांबद्दल कोणी बोललंच नाही.

माझ्या आजीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. आम्ही सुंदर, लांब, खालची इस्टेट घेतली. डिकी राजेशाही. पण आजी सीटवर बसायची म्हणजे अक्षरशः खाली पडायची, आणि उठताना दोघांनी हात धरावे लागायचे. पहिल्या महिन्यातच ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." तिला बाहेर जायचं होतं. तिला आमची दमछाक नको होती. ते वाक्य अजून आठवतं.

उलट काकांच्या उंच एसयूव्हीत तिला चढता यायचं नाही. पायरीवर पाय ठेवून अंग वर उचलणं हे तिला खाली बसण्याइतकंच अवघड. म्हणजे खालची वाईट आणि उंच चांगली, असं सरळ नाही. सीटची कड माणसाच्या गुडघ्याच्या जराशी वर असेल तर टेकायचं, वळायचं आणि पाय आत घ्यायचे, इतकंच उरतं. आईंची उंची किती, गुडघा किती वाकतो, यावर सगळं आहे.

आणखी तीन गोष्टी. दार किती उघडतं. पाय आत घ्यायला दाराच्या खालच्या भागात किती जागा आहे. आणि छताला धरायची मूठ आहे का, ती आईंच्या हाताला येते का. पुढची सीट उंच करता येत असेल तर आईंना पुढे बसवा.

निळी छत्री

@आजीची नात, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून आईच्या खोलीत गेले. खरं सांगते, मी व्हीलचेअरचा विचार केला, आईचा केलाच नव्हता. खुर्ची कुठे मावेल हेच डोक्यात होतं. आईच्या गुडघ्याची उंची मोजली, ४६ सेंटिमीटर. ती विचारत होती, चप्पल घ्यायची आहे का म्हणून.

वाटसरू

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही सासरे आहेत, हेच सगळं आहे.

तिघांची आई

आता बाळाच्या सीटबद्दल माझ्याकडून.

चौदा महिन्यांचं बाळ म्हणजे सीट अजून उलटी, मागे तोंड करून असेल. युरोपातल्या आर-१२९ नियमाप्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं, आणि सीट परवानगी देत असेल तर त्यानंतरही जितकं जमेल तितकं उलटंच ठेवावं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान नाजूक. समोरून धडक झाली तर उलट्या सीटची पाठ सगळा भार पेलते.

पण उलटी सीट लांबीला फार जागा खाते. ती लावली की पुढची सीट पुढे ढकलावी लागते, आणि पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. आईंना पुढे बसवणार असाल तर बाळाची सीट त्यांच्या मागे नको, चालवणाऱ्याच्या मागे लावून पाहा. मग चालवणारा उंच असेल तर त्याची पंचाईत. म्हणजे चौघांना एकदम बसवून पाहिल्याशिवाय हे कोडं सुटत नाही.

तिसरा माणूस मागे मध्ये बसणार. मधली सीट बहुतेक गाड्यांत अरुंद आणि कडक असते, खाली बोगद्यासारखा उंचवटा. बाजूला बाळाची सीट असली की मधल्याच्या बेल्टचं बक्कल तिच्याखाली दबतं. लेकीला स्वतःचं स्वतः बक्कल लावता येतंय का पाहा. नऊ वर्षांच्या मुलीला दर वेळी मदत मागायला आवडत नाही.

आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे हूक कुठे आहेत तेही बघा. काहींत ते गादीच्या फटीत इतके खोल असतात की बोटं सोलतात. काही मोजक्या गाड्यांत पुढच्या सीटलाही असतात.

डिकीभर

@तिघांची आई, +१. एक भर घालतो. 'इस्टेट आहे म्हणजे मागे पायांनाही जास्त जागा' असं समजू नका. कोरोलाची इस्टेट तिच्या हॅचबॅकपेक्षा व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराला, ६० मिलिमीटर लांब आहे, २७०० विरुद्ध २६४०, आणि तो फरक मागच्यांच्या पायांना मिळतो. पण २०१२ मध्ये आलेल्या माझदा ६ मध्ये उलटं होतं. सलूनचा, म्हणजे बंद डिकीच्या गाडीचा व्हीलबेस २८३०, इस्टेटचा २७५०. एकच नाव, पण इस्टेट आतून आखूड. मी सलून चालवून इस्टेट मागवणार होतो, थोडक्यात वाचलो.

पाना पक्कड

मी गाड्या दुरुस्त करतो, वीस वर्षं झाली. माझ्याकडे आलेल्यांपैकी फार थोड्यांनी गाडी किती वजन वाहू शकते हे घेण्याआधी पाहिलेलं असतं. जागा आहे म्हणून भरत जातात.

समजा पूर्ण भारासह परवानगी २०५० किलोची आहे आणि गाडीचं स्वतःचं वजन १५५०. उरले ५००. आता ताईंचं कुटुंब धरा. तीन मोठी माणसं साधारण २०५, लेक २८, बाळ सीटसकट २२, व्हीलचेअर १७, बाबागाडी १०. झाले २८२. पाच बॅगा प्रत्येकी १५ किलो, ३५७. छतावर पेटी लावून भरली की ४२५. सगळं बसलं, पण फार काही उरलं नाही. कागदावरच्या वजनात चालक धरला आहे की नाही तेही बघा. युरोपातल्या गाड्यांच्या वजनात ७५ किलो चालकाचे धरलेले असतात.

छताची मर्यादा वेगळी. पुष्कळ गाड्यांत ती ७५ किलो, काहींत १००. त्यात आडव्या दांड्या आणि पेटीचं स्वतःचं वजन धरायचं. म्हणजे प्रत्यक्ष सामानाला पन्नासच्या आसपास मिळतात. हलकं आणि फुगीर ते वर, जड ते खाली.

भरलेल्या गाडीचा मागचा भाग बसतो. मग दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो. काही इस्टेट गाड्यांत मागचं सस्पेन्शन स्वतः पातळी सांभाळतं. मर्सिडीजच्या मोठ्या इस्टेटमध्ये ती सोय जुन्या काळापासून आहे. नसेल तरी निदान टायरची हवा वाढवा. चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला असतो, त्यात भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. इतका साधा तक्ता, पण तो वाचलेला माणूस क्वचित भेटतो.

आणि स्टेपनी विचारा. आजकाल बऱ्याच गाड्यांत तळाशी चाकाऐवजी पंप आणि डिंकाची बाटली असते. टायरची बाजूची भिंत फाटली तर ती बाटली कामाची नाही. आई आणि बाळ गाडीत असताना रस्त्याकडेला तासभर थांबायचं का, हे आत्ताच ठरवा.

शून्य ते शंभर

पाना पक्कड दादा, उत्तम माहिती. हे मला माहीत नव्हतं. एसयूव्हीलाही हेच लागू ना?

पाना पक्कड

हो, सगळ्याच गाड्यांना. मोठी दिसणारी गाडी जास्त वजन वाहतेच असं नाही. कागद बघायचा.

स्टेपनी

माझ्या नावाने चर्चा चालली आहे म्हणून आलो. :)

आमच्या घरी तीस किलोचा कुत्रा आहे, त्यामुळे आमचा प्रश्न वेगळा होता. कुत्र्याला उडी मारायला उंबरठा कमी हवा. वय झालेल्या कुत्र्याला दहा सेंटिमीटरही फार होतात, आणि तिथेच इस्टेट जिंकली.

पण मला सांगायचंय ते वेगळं. इस्टेटमध्ये सामान आणि माणसं एकाच खोलीत असतात. बंद डिकीच्या गाडीत सामान वेगळ्या कप्प्यात असतं, इथे मध्ये फक्त सीटची पाठ. पडदीच्या वर काहीही रचलं की ते जोरात ब्रेक मारल्यावर पुढे येणार. हिशेब करून पाहा. ताशी ५० च्या वेगातली गाडी अर्धा मीटर चुरगळून थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीस पट जोर येतो. दहा किलोची बॅग म्हणजे दोनशे किलोचा धक्का, मागे बसलेल्या लेकीच्या डोक्यावर.

म्हणून जाळी. सीटच्या पाठीपासून छताला अडकणारी. ती गाडीबरोबर येते का, मागच्या सीट पाडल्यावर पुढच्या सीटमागे लावायला दुसरी जागा आहे का, हे विचारा. आणि डिकीच्या तळाला पट्टे बांधायच्या कड्या आहेत का, त्या धातूच्या आहेत का. माझ्या लेखी डिकीच्या लिटरपेक्षा या चार कड्या मोठ्या.

उंबरठा

जाळीबद्दल शंभर टक्के सहमत. आणि सीट ६०:४० नव्हे, ४०:२०:४० अशी तीन तुकड्यांत पडणारी असेल तर लांब वस्तू मधून नेता येते आणि दोघं आरामात बसतात.

जुना पाईक

जरा अवांतर होतंय, पण इस्टेटचा विषय निघाला की राहवत नाही.

'स्टेशन वॅगन' हे नाव आलं रेल्वे स्टेशनवरून. उतारू आणि त्यांच्या ट्रंका स्टेशनातून न्यायला ज्या गाड्या वापरत, त्यांचं मागचं शरीर लाकडी असायचं. म्हणजे ही गाडी जन्मापासून माणसं आणि सामान एकत्र नेण्यासाठीच आहे.

बीएमडब्ल्यूच्या ३ मालिकेच्या पहिल्या टूरिंगची (त्यांच्याकडे इस्टेटला टूरिंग म्हणतात) गोष्ट तर माझी आवडती. मॅक्स राइसबेक नावाचा त्यांच्याच कंपनीतला तंत्रज्ञ. कुटुंब वाढलं, सुट्टीचं सामान मावेना. त्याने १९८० च्या दशकाच्या मध्यात एक अपघातग्रस्त ३ मालिका घेतली आणि मित्राच्या वर्कशॉपमध्ये तिचं मागचं अंग कापून स्वतःची इस्टेट बनवली. कंपनीच्या लोकांनी ती पाहिली आणि १९८७ मध्ये टूरिंग बाजारात आली. म्हणजे ती कारखान्याच्या योजनेतून आली नाही, एका बापाच्या अडचणीतून आली.

आणि १९९४ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वोने ८५० इस्टेट उतरवली होती! शर्यतीच्या ट्रॅकवर लांबलचक कौटुंबिक गाडी. पुढच्या वर्षी सलून आणली, पण लोकांना लक्षात राहिली ती इस्टेट.

चौथा गिअर

जुना पाईक, आठवण काढलीत! त्या ८५० चं चित्र माझ्या अभ्यासाच्या टेबलावर कित्येक वर्षं होतं.

वाटसरू

मूळ विषयावर येऊ. इंजिन कोणतं? पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, प्लग-इन (म्हणजे वीज जोडून चार्ज करायची हायब्रिड), इलेक्ट्रिक? इथेच आमचं अडलंय.

पाना पक्कड

रोजचं चालवणं सांगा, मग बोलू. रोज चार-पाच किलोमीटर शाळा-बाजार आणि महिन्यातून एकदा लांब, असं असेल तर डिझेल नको. धूर गाळायच्या फिल्टरमधली काजळी जळायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग तापावी लागते. छोट्या फेऱ्यांत ती जळत नाही, फिल्टर तुंबतो आणि माझ्याकडे येतो. लांबचा नेम असेल, मागे ट्रेलर ओढायचा असेल, तर डिझेल अजून चांगलं.

डिकीभर

प्लग-इनबद्दल एक गोष्ट ताईंच्या यादीला थेट लागू आहे. बॅटरी डिकीच्या तळाखाली येते आणि तळ वर येतो. ऑक्टाव्हिया कॉम्बी साधी घेतली तर ६४० लिटर, प्लग-इन घेतली तर ४९०. पसाट ६९० ची ५३० होते. पत्रकावर मोठ्या अक्षरात ६९० आणि तुम्ही निवडलेल्या इंजिनाचा आकडा खाली बारीक. लिटर जातात ते जातात, मुख्य म्हणजे तळाखालचा कप्पा जातो.

हिरवी पाटी

पूर्ण इलेक्ट्रिक इस्टेटमध्ये हा प्रश्न कमी होतो, कारण बॅटरी सगळ्या तळाखाली पसरलेली असते. फोक्सवॅगन आयडी ७ टूररला ६०५ लिटर आहेत. मी एक इलेक्ट्रिक इस्टेट दोन वर्षं चालवतोय. शांतता अशी की बाळ झोपलं की झोपतंच. घरी चार्जिंग असेल तर रोजचा त्रास शून्य.

मात्र दोन गोष्टी स्वतः तपासा. छतावर पेटी लावली की एका चार्जमधलं अंतर चांगलंच घटतं, कारण वर चौथा गिअर यांनी सांगितलेला हवेचा हिशेब इलेक्ट्रिकला जास्त बोचतो. आणि बॅटरीमुळे तळ जाड होतो. छत खाली ठेवायचं असेल तर मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात, मांडीखाली आधार राहत नाही. लांबच्या प्रवासात मागे बसून बघा, पाच मिनिटं नव्हे, अर्धा तास.

आजीची नात

@हिरवी पाटी, जाड तळाचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे. पण बाहेरून बसताना सीट थोडी वर आली तर गुडघेदुखीवाल्याला ते चांगलंच की. म्हणजे एकाला तोटा तो दुसऱ्याला फायदा.

तिघांची आई

कोणी बटणांबद्दल बोललं नाही. सगळं स्क्रीनमध्ये घालून ठेवलंय. मागे बाळ रडतंय, काच धुरकटली आहे, आणि मी पडद्यावर तिसऱ्या पानात गरम हवा शोधतेय. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा मुख्य गोष्टींना खरी बटणं मागितली आहेत, बरं झालं. हवेच्या बटणांचं मात्र तुमचं तुम्हालाच बघायचंय.

आणि युरो एनकॅपचे तारे पाहताना वर्षही पाहा. नियम दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या वर्षाचे पाच तारे आणि नव्या वर्षाचे पाच तारे सारखे नसतात. मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे दिलेले असतात, ते आधी वाचा.

उंबरठा

मागची काच फार मळते, हेही लिहून ठेवतो. गाडीमागे हवेचा भोवरा होतो आणि तो रस्त्यावरची धूळ-चिखल थेट काचेवर आणतो. मागचा वायपर मोठा आणि पाण्याचा फवारा नीट हवा. पाठीमागच्या कॅमेऱ्याचंही तेच.

वाटसरू

आणि आवाज? आमच्या एका इस्टेटमध्ये खडबडीत रस्त्यावर मागून घूं घूं असा आवाज घुमायचा.

चौथा गिअर

मोठी पोकळी आहे, ढोलासारखी. डिकी रिकामी ठेवून खडबडीत रस्त्यावर चालवा, आणि तुम्ही स्वतः मागे बसा. चालवणाऱ्याला तो आवाज निम्माही कळत नाही.

निळी छत्री

मंडळी, बारा दिवसांनी येतेय. तुमच्या प्रतिसादांचे कागद करून नेले होते. शनिवारी आम्ही पाचही जण गेलो. व्हीलचेअर, बाबागाडी, बाळाची सीट, टेप, सगळं घेऊन. विक्रेत्याला आधी फोन करून सांगितलं होतं की आम्हाला दोन तास लागतील.

पहिली गाडी, यादीतली सगळ्यात मोठी डिकी. व्हीलचेअर आडवी सहज गेली, शेजारी बाबागाडी. मी खूश. मग आई पुढच्या सीटवर बसायला गेली. सीट पूर्ण वर केली तरी कड ४३ सेंटिमीटर. बसली ती धपकन. उठताना तिने दाराची कड धरली आणि दार हललं. ती हसली, पण मी तिचा हात पाहिला, बोटं पांढरी झाली होती. ती गाडी तिथेच संपली.

दुसरी प्लग-इन होती. सीट ५२ ला येत होती, आई छान बसली. पण डिकीचा तळ वर आलेला. खुर्ची आडवी ठेवली की बाबागाडीला जागा नाही, आणि उभी ठेवली तर दार लागेना. डिकीभर, तुम्ही सांगितलेलं दाराच्या तोंडाचं माप तिथे नडलं.

तिसरी माझ्या यादीच्या आकड्यांत सगळ्यात लहान. मी ती यादीत शेवटी टाकली होती. साधी हायब्रिड, सीट ५१, दार चांगलं रुंद उघडणारं, मूठ आईच्या हाताला बरोबर. डिकीत खुर्ची सीटच्या पाठीला टेकून आडवी, तिच्यामागे बाबागाडी, वर दोन बॅगा, आणि सगळं पडदीच्या खाली. बाळाची सीट नवऱ्याच्या मागे. तो उंच आहे, त्याला सीट दोन खाचा पुढे घ्यावी लागली, चालेल म्हणाला. लेकीने मधल्या सीटचं बक्कल स्वतः लावलं, तीनदा लावून दाखवलं.

अर्धा तास चालवली. मी मागे बसले. आई पुढे खिडकीबाहेर बघत होती, मांडी रिकामी.

त्या गाडीत स्टेपनी नाही, पण जादा पैसे देऊन लहान चाक मिळतं. ते घेतलं तर तळाखालचा कप्पा जातो. आम्ही चाक घ्यायचं ठरवलं. भाराचा कागदही पाहिला, आमच्या हिशेबाने ७० किलो शिल्लक राहतात, छतावर पेटी न लावता. पेटी आम्ही घेणार नाही.

एकच राहिलं. खुर्ची पट्ट्यांनी कशी बांधायची? सतरा किलो आहेत, आणि स्टेपनी यांनी सांगितलेला वीस पटींचा हिशेब डोक्यातून जात नाही.

आजीची नात

आई पुढे, मांडी रिकामी. बास. मला आज हेच वाचायचं होतं.

स्टेपनी

ताई, खुर्ची सीटच्या पाठीला पूर्ण चिकटवून ठेवा, मध्ये फट नको. फट असली की वस्तू वेग घेऊन आदळते, चिकटलेली असली की पाठीवर नुसती रेलते. खाचेचे, म्हणजे दांडी ओढून घट्ट करायचे (रॅचेट) दोन पट्टे घ्या, कपडे वाळत घालायची लवचिक दोरी नको, ती ताणते. एक पट्टा डाव्या पुढच्या कडीतून उजव्या मागच्या कडीत, दुसरा उलट, म्हणजे फुली होईल. पट्टा खुर्चीच्या मुख्य नळीवरून न्या, हातावरून किंवा चाकाच्या आऱ्यांतून नको. पाय ठेवायच्या पट्ट्या काढून वेगळ्या पिशवीत, ती पुढच्या सीटखाली.

पाना पक्कड

आणि पहिल्या प्रवासात दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढा. खुर्ची बसते तसे ते सैल पडतात.

निळी छत्री

कड्या चार आहेत, धातूच्या आहेत, बघून आले होते. पट्टे उद्याच आणते. गाडी सात आठवड्यांनी येणार, आली की फुलीचा फोटो इथेच टाकते.